बैठकीच्या खोलीची साधी सजावट: मापं, क्रम आणि नेहमीच्या चुका

बैठकीची खोली डोळ्याला खटकत असेल, तर बहुतेक वेळा तिथे वस्तू कमी नसतात, मापं चुकलेली असतात. पडदा खिडकीच्या चौकटीपुरताच लावलेला असतो, फ्रेम छताच्या जवळ टांगलेली असते, गालिचा टीपॉयखाली रुमालाएवढा अंथरलेला असतो आणि सगळा उजेड छताच्या मधोमध लावलेल्या एकाच दिव्यातून येतो. या चार गोष्टी सुधारल्या की जुन्याच सामानात खोली बदललेली दिसते. म्हणून खरेदी सगळ्यात शेवटी ठेवा. सुरुवातीला हवी मोजपट्टी, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, पेन्सिल आणि रेष सरळ आहे का ते दाखवणारी स्पिरिट लेव्हल.

पहिलं काम खोली रिकामी करण्याचं. सोफा-कपाट हलवायची गरज नाही. पण भिंतीवरच्या, शेल्फवरच्या आणि टीपॉयवरच्या सगळ्या लहान वस्तू, उशा आणि गालिचा दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. आता दारात उभं राहून मोबाइलवर एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. रंग गेले की खोलीचा तोल कळतो. सगळं गडद सामान एका बाजूला आणि दुसरी बाजू फिकट असेल, तर खोली एकीकडे कललेली वाटते. फिकट बाजूला कोणती गडद वस्तू न्यायची हे त्या फोटोवरूनच ठरवा. दोन दिवस खोली अशीच रिकामी राहू दे. कोणती वस्तू खरोखर हवी आहे हे त्या दोन दिवसांत कळतं, आणि बऱ्याच वस्तू परत आणाव्याशाच वाटत नाहीत.

सामानाची मांडणी

माणसं दारातून आत येऊन कुठे जातात ती वाट आधी जमिनीवर मास्किंग टेपने आखा. मुख्य वाट ७५ ते ९० सेंमी रुंद ठेवा. ६० सेंमीच्या वाटेत माणूस अंग चोरून जातो आणि सोफ्याच्या कोपऱ्याला गुडघा आपटतो. सोफा आणि टीपॉय यांच्यात ४० ते ४५ सेंमी अंतर पुरतं. बसल्या जागेवरून हात पोहोचतो आणि पायही अडकत नाहीत. टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीएवढी किंवा ३-४ सेंमी कमी असावी. टीपॉय बैठकीपेक्षा उंच असला की पुढे बसलेला माणूस टेबलामागे अडकल्यासारखा दिसतो.

सोफा भिंतीला पूर्ण चिकटवू नका, ५ ते ८ सेंमी फट सोडा. भिंतीला ओल धरत असेल तर हवा खेळती राहते, सोफ्याच्या पाठीने रंग घासला जात नाही आणि शेजारी खिडकी असेल तर पडद्यालाही पडायला जागा मिळते. समोरासमोरच्या बैठकींमध्ये अंतर साधारण अडीच मीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब बसलेल्या माणसांना आवाज चढवून बोलावं लागतं. मोठ्या खोलीत सगळं सामान भिंतींना लावून मध्ये मैदान सोडण्यापेक्षा बैठक मध्यभागी घेतलेली केव्हाही चांगली.

टीव्ही बहुतेक घरांत गरजेपेक्षा वर लावलेला असतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून १०० ते ११० सेंमीवर यायला हवा. वर लावलेल्या टीव्हीकडे पाहून मान दुखते आणि त्याच्या खालची भिंत उघडी पडते. लोंबणाऱ्या वायरी सजावटीला सुरुवात करण्यापूर्वीच क्लिपांनी टीव्हीच्या टेबलाच्या पायामागून खाली घ्या. त्या दिसत राहिल्या तर पुढची मेहनत कुणाच्या लक्षात येत नाही.

पडदे

या खोलीत कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक पडद्यांनी पडतो, म्हणून इथे घाई करू नका. पडद्याची दांडी चौकटीच्या वर किमान १५ सेंमीवर लावा. खिडकी आणि छत यांच्यात जागा जास्त असेल तर दांडी छताच्या आणखी जवळ न्या. दोन्ही बाजूंना दांडी चौकटीच्या बाहेर २० सेंमी जाऊ द्या. असं केल्याने पडदा उघडल्यावर कापड भिंतीसमोर गोळा होतं, काच पूर्ण मोकळी राहते आणि खिडकी आहे त्याहून मोठी भासते. चौकटीच्या मापाची दांडी लावली तर उघडलेला पडदाही दोन्हीकडून काच झाकतो आणि दिवसा खोली अंधारते.

कापडाचा हिशोब एका उदाहरणाने सांगतो. खिडकी १२० सेंमी रुंद आहे. दोन्हीकडे २० सेंमी धरून दांडी १६० सेंमी झाली. चुण्या नीट पडण्यासाठी शिवलेल्या पडद्यांची एकूण रुंदी दांडीच्या दुप्पट ते अडीचपट लागते, म्हणजे किमान ३२० सेंमी. कापडाचा पन्हा १२० सेंमी असेल तर तीन पन्हे लागतील. जोड आणि कडांच्या दुमडीत साधारण २० सेंमी गेले तरी ३४० उरतात. प्रत्येक पडद्याला दीड पन्हा येईल. अर्धा पन्हा भिंतीच्या बाजूला जोडा, म्हणजे जोडाची शिवण खिडकीच्या मध्यावर दिसणार नाही.

आता लांबी. दांडी जमिनीपासून २२५ सेंमीवर आहे. आयलेटच्या, म्हणजे वरच्या पट्टीत दांडी ओवायच्या कड्या बसवलेल्या, पडद्याचं कापड दांडीच्या वर ३ सेंमी येतं आणि खाली जमिनीपासून १ सेंमी मोकळं ठेवायचं, म्हणून तयार लांबी २२७. खाली १० सेंमीची दुहेरी दुमड म्हणजे २० आणि वरच्या पट्टीसाठी १२ धरले की एका तुकड्याला २५९ सेंमी लागतात. सुती कापड पहिल्या धुण्यात ५ टक्क्यांपर्यंत आटू शकतं. तेवढं वाढवून एक तुकडा २७३ सेंमीचा धरा. तीन तुकड्यांचे ८ मीटर १९ सेंमी होतात, म्हणून ८.२ मीटर कापड घ्या. ते आधी धुवा, इस्त्री करा आणि मगच कापा. कापडावर मोठी नक्षी असेल तर जोडावर ती जुळवण्यासाठी पहिल्यानंतरच्या प्रत्येक तुकड्यामागे नक्षीच्या एका आवर्तनाएवढं कापड जास्त लागतं. हे विसरलं की शेवटचा तुकडा हमखास अपुरा पडतो.

आयलेटची संख्या प्रत्येक पडद्यात समच असली पाहिजे. विषम असेल तर पडद्याची एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीच्या बाजूला उघडी राहते. १७० सेंमी रुंदीच्या पडद्याला १२ आयलेट बरोबर बसतात. दोन आयलेटमध्ये साधारण १५ सेंमी अंतर येतं. खालची दुमड लगेच पक्की शिवू नका. कच्चे टाके घालून पडदा आठवडाभर टांगून ठेवा. जड कापड स्वतःच्या वजनाने थोडं खाली येतं. लांबी स्थिरावली की पक्की शिलाई मारा.

दांडी १८० सेंमीहून लांब असेल तर मधला ब्रॅकेट लावाच, नाहीतर ती काही महिन्यांत वाकते. आयलेटचे पडदे मधल्या ब्रॅकेटवरून सरकत नाहीत, त्यामुळे तो दोन पडदे जिथे भेटतात तिथेच यायला हवा. खिडकीवर थेट ऊन येत असेल तर पडद्याला फिकट अस्तर लावा. अस्तर नसलेल्या गडद कापडाचा रंग उन्हाच्या बाजूने पट्ट्यापट्ट्यांनी उडतो.

गालिचा

गालिच्याचं काम बैठक एकत्र बांधण्याचं असतं. त्यासाठी सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर २० सेंमी तरी यायला हवेत. १८० सेंमी रुंद सोफ्यासमोर दोन्ही बाजूंना २०-२५ सेंमी जास्तीचा, म्हणजे सुमारे २३० सेंमी लांब गालिचा बसतो. रुंदीसाठी २० सेंमी सोफ्याखाली, ४५ सेंमी मोकळी जागा, ६० सेंमी टीपॉय आणि पलीकडे ४० सेंमी अशी बेरीज करा. ती १६५ होते, म्हणजे १६० बाय २३० हे नेहमी मिळणारं माप इथे चालेल. विकत घेण्याआधी तेवढ्या मापाची वर्तमानपत्रं चिकटवून जमिनीवर पसरा आणि एक दिवस त्यावरून वावरा. दार आतल्या बाजूला उघडत असेल तर दाराखालची फटही मोजून ठेवा. जाड गालिच्यावर दार अडकतं, आणि हे सहसा गालिचा घरी आल्यावर लक्षात येतं.

घरात लहान गालिचा आधीच असेल तर तो टाकून देऊ नका. खाली मोठी, साधी, एकरंगी सतरंजी किंवा तागाची चटई अंथरा आणि त्यावर तो ठेवा. गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी २-३ सेंमी लहान अशी रबरी जाळी त्याच्याखाली घाला. नव्या गालिच्याचे कोपरे वर वळत असतील तर तो एक रात्र उलट्या बाजूने गुंडाळून ठेवा.

भिंतीवरच्या फ्रेमा

मोकळ्या भिंतीवर फ्रेमेचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा. ही उभ्या माणसाच्या नजरेची सरासरी उंची आहे. हूकची जागा काढण्यासाठी १५० मध्ये फ्रेमेची निम्मी उंची मिळवा आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तितकं वजा करा. ६० सेंमी उंच फ्रेम आणि तार ६ सेंमी खाली असेल तर १५० अधिक ३० वजा ६, म्हणजे हूक १७४ सेंमीवर. तार न ताणताच मोजणं ही इथली नेहमीची चूक. त्याने फ्रेम ठरवल्यापेक्षा वर किंवा खाली जाते.

सोफ्याच्या वर मात्र हा नियम सोडून द्या. तिथे सोफ्याची पाठ आणि फ्रेमेची खालची कड यांच्यात १५ ते २० सेंमी अंतर ठेवा. त्याहून जास्त अंतर ठेवलं की फ्रेम आणि सोफा यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. फ्रेमांच्या समूहाची एकूण रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश असावी. सोफा १८० सेंमीचा असेल तर १२० सेंमी. ३६ सेंमी रुंदीच्या तीन फ्रेमा आणि मध्ये ६ सेंमीच्या दोन फटी, बरोबर १२० होतात. एकच लहानशी फ्रेम मोठ्या सोफ्यावर एकटी लावू नका. ती शेल्फवर पुस्तकांना टेकवून ठेवली तर शोभते.

समूह लावताना प्रत्येक फ्रेमेच्या मापाचा कागद कापा, त्यावर हूकची जागा खुणेने दाखवा आणि कागद टेपने भिंतीवर चिकटवून लांबून पाहा. मनासारखी मांडणी झाली की कागदावरूनच भोक पाडा. फ्रेम सारखी वाकडी होत असेल तर एका हूकऐवजी १५-२० सेंमी अंतरावर दोन हूक लावा आणि खालच्या दोन कोपऱ्यांमागे फेल्टच्या चकत्या चिकटवा.

भोक पाडताना पहिली काळजी विजेची. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भिंतीच्या आतून वायरी गेलेल्या असू शकतात, म्हणून त्या पट्ट्यात ड्रिल चालवू नका. ६ मिमीच्या प्लास्टिक प्लगला (भोकात स्क्रू पकडून ठेवणारी नळी) ६ मिमीचाच बिट वापरा. भोक प्लगच्या लांबीपेक्षा ५ मिमी खोल हवं. तेवढ्या अंतरावर बिटला टेप गुंडाळली की खोली आपोआप कळते. भोकाच्या खाली कागदाची घडी टेपने चिकटवा, धूळ तिच्यात पडते. स्क्रू पिळताना प्लग आतल्या आत फिरू लागला, तर भोक मोठं झालंय किंवा प्लग फक्त गिलाव्यात आहे, विटेपर्यंत पोहोचलेला नाही. गिलावा दीड-दोन सेंमी जाड असू शकतो. अशा वेळी काडी कोंबून वेळ मारून नेऊ नका. भोक ८ मिमीचं करा आणि लांब प्लग व ५० मिमीचा स्क्रू घाला. चिकटपट्टीचे हूक हलक्या फ्रेमांना चालतात, पण भुकटी सुटणाऱ्या रंगावर ते रंगासकट खाली येतात. भिंतीवर तळहात घासून पाहा. पांढरं लागलं तर तिथे चिकटपट्टी लावू नका.

आरसा लावायचा असेल तर खिडकीसमोरच्या किंवा तिला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावा. उजेड खोलीत परत येतो. पण खिळा ठोकण्याआधी कुणालातरी आरसा धरायला सांगा आणि बसण्याच्या प्रत्येक जागेवरून त्यात काय दिसतं ते पाहा. आरसा जे समोर असेल ते दुप्पट करतो, पसारासुद्धा.

दिवे

एकाच छतदिव्याने भिंती सपाट दिसतात आणि माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. त्याऐवजी कमी उजेडाचे तीन दिवे खोलीत त्रिकोणात ठेवा. उदाहरणार्थ, सोफ्याशेजारी उभा दिवा, समोरच्या कोपऱ्यात टेबल-लॅम्प आणि तिसरा शेल्फमध्ये किंवा टीव्हीमागे. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे सुमारे १०५ सेंमीवर असावी. ती वर असेल तर बल्ब थेट डोळ्यांत खुपतो.

बल्बच्या खोक्यावरचे तीन आकडे वाचा. केल्विन हा उजेडाचा रंग. बैठकीत २७०० ते ३००० केल्विनचा उबदार उजेड चांगला, तर ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड संध्याकाळी खोली थंड आणि कचेरीसारखी करतो. एका खोलीत दोन्ही मिसळू नका. त्याने एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात. ल्युमेन म्हणजे उजेडाचं प्रमाण. १२ चौरस मीटरच्या खोलीला सगळे दिवे मिळून २,००० ते २,५०० ल्युमेन पुरतात. ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो, म्हणजे असे तीन बल्ब झाले. तिसरा आकडा सीआरआय. तो ९० किंवा त्याहून जास्त असेल तर कापडाचे आणि भिंतीचे रंग खरे दिसतात. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं बटण, बसवायचा असेल तर डिमरवर चालणारेच एलईडी घ्या. साधे बल्ब डिमरवर लुकलुकतात आणि लवकर जातात.

एलईडीची पट्टी लावताना तिचे ठिपके दिसले तर सगळी शोभा जाते. पट्टीचं तोंड भिंतीकडे करा किंवा ती दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम चॅनलमध्ये बसवा. चिकटवण्याआधी ती जागा कोरडी आणि धूळमुक्त पुसून घ्या, नाहीतर पट्टी महिन्याभरात लोंबते.

एका भिंतीला रंग

चारही भिंती रंगवायची गरज नाही. आत येताना जी भिंत समोर दिसते आणि जिच्यात दारं-खिडक्या कमी आहेत ती एकच निवडा. रंग छोट्या नमुनापट्टीवरून ठरवू नका. भिंतीवर तो पट्टीपेक्षा गडद आणि भडक वाटतो, कारण भिंती एकमेकींवर रंग परावर्तित करतात. ६० बाय ६० सेंमीच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात त्या भिंतीपाशी धरून पाहा. रात्रीचा निकाल महत्त्वाचा माना, कारण बहुतेक घरांत ही खोली संध्याकाळीच जास्त वापरली जाते.

भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त हवा. शंका असेल तिथे ४५ सेंमीचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, आणि त्यावर दिलेला कोणताही रंग फुगून सोलणार. फक्त बाहेरून थेंब आले तर ती खोलीतल्या हवेतली ओल आहे, खिडकी उघडी ठेवून ती कमी होते.

साडेतीन मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच भिंत साडेनऊ चौरस मीटर भरते. एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतं, म्हणजे दोन हातांना दोन लिटर. बारीक भेगा पुट्टीने भरा, वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि पुट्टीच्या जागांवर प्रायमर लावा. प्रायमर टाळला तर त्या जागा रंग जास्त शोषतात आणि वाळल्यावर ठिगळांसारख्या दिसतात.

कड सरळ येण्यासाठी एक युक्ती आहे. शेजारच्या भिंतीवर मास्किंग टेप लावल्यावर टेपच्या कडेवरून आधी शेजारच्या भिंतीचाच जुना रंग एकदा फिरवा. टेपखाली जे काही झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि फट बंद होते. तो वाळला की नवा रंग द्या. दुसरा हात अर्धवट ओला असतानाच टेप ४५ अंशांच्या कोनात हळू ओढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची साल निघते.

उशा, शेल्फ आणि झाडं

उशीची भर अभ्र्यापेक्षा ५ सेंमी मोठी घ्या. ४५ च्या अभ्र्यात ४५ चीच भर घातली की कोपरे पोकळ राहतात. मागे ५० सेंमीच्या आणि पुढे ४० सेंमीच्या अशा दोन मापांत मिळून तीन किंवा पाच उशा एका सोफ्याला खूप झाल्या. दोन साध्या आणि एक नक्षीची, एवढा साधा हिशोब पुरे. अभ्र्यांतला एखादा रंग फ्रेमांत किंवा गालिच्यात परत दिसू द्या.

शेल्फचा तिसरा हिस्सा रिकामा सोडा. पुस्तकं काही उभी, काही आडवी रचा. उंच वस्तू एका टोकाला ठेवा, मधोमध नको.

झाड निवडताना ते आवडतं का याच्या आधी खिडकीतून किती उजेड येतो ते पाहा. खिडकीपासून लांबच्या मंद उजेडात स्नेक प्लांट आणि मनी प्लांट तगतात. अरेका पामला खिडकीजवळचा भरपूर पण थेट ऊन नसलेला उजेड लागतो. घरातली झाडं पाणी कमी पडून क्वचित मरतात, जास्त पाण्याने मुळं कुजून मरतात. माती २-३ सेंमी खोलपर्यंत कोरडी लागली तरच पाणी घाला. स्नेक प्लांटची तर सगळी माती वाळू द्या. भोक नसलेली शोभेची कुंडी आवडली असेल तर झाड भोकाच्या साध्या कुंडीतच ठेवून ती आत बसवा आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने खाली साचलेलं पाणी ओतून टाका. मनी प्लांटची पानं चावल्याने मांजर-कुत्र्यांच्या तोंडाची आग होते, त्यामुळे हे प्राणी असलेल्या घरात ही कुंडी उंच शेल्फवर ठेवा आणि वेल खाली लोंबू लागला की छाटून घ्या.